हिरोची लाल गाडी आणि खोपोलीतली चावी

कोथळीगडावर जायचं म्हणून मी आजवर तीनदा घरून निघालोय आणि एकदाही वर पोचलेलो नाही. ही तिसऱ्या खेपेची हकिकत. गडाची माहिती हवी असेल तर दुसरा कुणाचा तरी ब्लॉग बघा. इथे गड दिसणारच नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. पनवेलहून सकाळी सहाला बाइक काढली. चौकला डावीकडे वळलं की कर्जत, सरळ गेलं की खालापूर-खोपोली. मला डावीकडे वळायचं होतं. पण समोर बोरघाटाच्या डोक्यावर असा काही ढग बसला होता, की म्हटलं खोपोलीत चहा घेऊ, घाट खालून बघू आणि पळसदरीवरून कर्जतला येऊ. तासाभराचा फेरा. खोपोली दोन किलोमीटरवर असताना क्लच वायर तुटली.

बाइक ढकलत बाजारात आलो. चहाच्या टपरीला लागून एका शटरचं गॅरेज. आत गफूरचाचा. वय ऐंशीच्या आसपास, पांढरी दाढी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चावी. (टीप: टपरीवरचे पोहे घ्या, वर तर्री मागा. बाइकचं काम असेल तर चाचांकडेच, पण घाईत असाल तर नको. ते प्रत्येक स्क्रू पुसून बसवतात.)

चाचा वायर ओवत होते तेवढ्यात टपरीवरून एक जाडा गृहस्थ ओरडला, "काय चाचा, गाडी कुठं लावली आज?"

बाकावरचे तिघं-चौघं हसले. चाचा वायर ओवतच राहिले.

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"रोजचं हाय ते बेटा. आधी यांचे बाप विचारायचे."

वायर वीस मिनिटांत बसली. मी अडीच तास बसलो.

गाडी होती एका सिनेमातल्या हिरोची. त्याचं नाव लिहू नका, अशी चाचांची अट आहे, म्हणून लिहीत नाही. आमच्या आईच्या पिढीला पुरतं ठाऊक आहे; रविवारी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला की आमच्याकडे जेवण उशिरा व्हायचं. या माणसाला शर्यतींचं वेड होतं. पण निर्मात्यांनी करारातच घालून ठेवलेलं, की शर्यतीची गाडी चालवायची नाही. हातपाय मोडले तर पिक्चर कोण पुरा करणार? तर या पठ्ठ्याने काय करावं? परदेशी बनावटीची दोन सीटची लाल गाडी घेतली ती थेट मेकॅनिकच्या नावावर. शर्यतीतही नाव गफूरचंच द्यायचा. हेल्मेट घातल्यावर आतला हिरो कोण ओळखतोय? चाचांच्या फळीवर एक कप आहे, त्यावर चाचांचं नाव कोरलंय. त्यात ते नटबोल्ट ठेवतात.

"आणि तुम्ही?"

"मी? मी चाळीसच्या वर कधी गाडी नेली नाय. घाबरतो मी."

सराव बोरघाटात, पहाटे. ट्यूनिंग खोपोलीत. मग हिरो गाडी कुठेतरी लपवून यायचा, कारण निर्मात्याची माणसं त्याचं फार्महाऊस धुंडाळायची. कुठे लपवतो ते चाचांनी कधीच विचारलं नाही. उलट त्यांनीच बजावलं होतं, "मला सांगू नका साहेब. ते मलाही येऊन विचारतात, आणि मला खोटं बोलता येत नाय."

शेवटच्या वेळी हिरो गाडी ठेवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून एसटीने खोपोलीला आला. चाचांच्या हातात चावी दिली. "जपून ठेव. आलो की घेतो." आणि दक्षिणेत शूटिंगला गेला. तिकडेच त्याचं हृदय बंद पडलं.

गाडी चाचांच्या नावावर, आणि गाडीचा पत्ता नाही. गावाने हिशेब सोपा केला: मालक मेला, गफूरने भंगारात विकून खाल्ली. कुणी पोलिसांत गेलं नाही, कुणी तोंडावर चोर म्हणालं नाही. फक्त रोज एक प्रश्न. चाचा पहिली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी सायकल काढून शोधत हिंडले. खालापूरची सगळी गोदामं, चौकचे गोठे. मग गुडघे गेले.

"मेल्यावर पण हेच विचारतील," चाचा म्हणाले आणि चावी शर्टाच्या आत सारली.

त्या दिवशी गड झाला नाही हे उघड आहे. मुक्काम कर्जतला लागून भिसेगावात, मित्राच्या मावशीकडे. मावशींनी वालाचं बिरडं केलं होतं. मी तीन वेळा घेतलं आणि डोक्यात लाल गाडी.

दुसऱ्या दिवशी मात्र शहाण्यासारखा निघालो. कर्जतहून मुरबाड रस्ता, कडाव, मग कशेळे. रस्ता बरा आहे, कडावनंतर थोडे खड्डे. कशेळ्याला बाजार, टमटम, जीपगाड्या सगळं मिळतं, पाणी इथेच भरा. मी भरलं नाही. पुढे तहान लागली म्हणून एका वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळलो. वाडीचं नावही लिहीत नाही, ही अट माझी स्वतःची.

दोन्ही बाजूला भात कापणीला आलेलं, पिवळंधमक. वीसेक घरं. शेवटच्या घरामागे पेंढ्याची उडवी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: भात झोडून झालं की उरलेला पेंढा लाकडी माचावर गोल रचतात, ती उडवी. वर्षभर त्यातून ओढून गुरांना घालतात. नवं भात येईपर्यंत जुनी उडवी संपत येते. ही पण संपत आली होती. माच दिसू लागला होता, आणि माचाखाली, विरळ पेंढ्यातून, काहीतरी लाल.

मी बाइक स्टँडवर लावायची विसरलो. ती पडली. आवाजाने घरातून एक म्हातारी बाई आली. हिरूबाई. हातात कोयता.

"पानी पायजे का रं?"

मला पाणी हवं होतं हे मी विसरलोच होतो. मी बोट दाखवलं. "बाई, ते काय आहे?"

तिने माझ्याकडे वरून खाली बघितलं. "चावी हाय?"

मला खोपोलीतला तो काळा दोरा आठवला.

नाही म्हटल्यावर ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. "मंग पानी पी नि जा."

मी ओट्यावर बसून खोपोलीच्या म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधेच कोयत्याला नखाने खरवडत होती. शेवटी म्हणाली, "आमच्या मालकान्ला हिरो बोल्ला हुता, मी नायतर माजी चावी येईल. चावी दावल त्याला गाडी देवा, दुसऱ्याला दावू पन नका. मालक गेलं त्याला बारा वरसं झाली. आमी काय करनार? उडवी रचतू."

दर वर्षी. झोडणी झाली की गाडीभोवती काटक्यांचा कूड, वर माच, माचावर नवा पेंढा. चाळीस वर्षं, चाळीस उडव्या. वर्षातून पंधरा दिवस गाडी उघडी पडायची, तेवढे दिवस वाडीतली माणसं पाहुण्यांना त्या बाजूला नेत नसत. साऱ्या वाडीला ठाऊक, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही.

"या साली बैल इकलं," हिरूबाई म्हणाली. "बैल नाय तर उडवी कशाला? आता झाकू कशान् तिला?"

आणि चावी तीसेक किलोमीटरवर, एका दोऱ्यात. एक माणूस चावी जपत बसला होता, एक बाई गाडी. दोघांनीही सांगितलेलं तंतोतंत पाळलं, म्हणून भेट झाली नाही. मी आयटीआय अर्ध्यात सोडलेला माणूस आहे, मला सहा महिने एक पासवर्ड लक्षात राहत नाही.

तिसऱ्या दिवशी चाचांना मागे बसवून आणलं. चाळीसच्या वर नेली नाही. सगळ्या रस्त्यात ते एकदाच बोलले, कडावला. "गंमत करत असशील तर इथेच सांग बेटा. इथून मला जीप मिळेल."

माचापाशी आल्यावर हिरूबाईने हात पुढे केला. चाचांनी दोरा गळ्यातून काढला. तिने चावी उन्हात धरली, उलटीपालटी केली, परत दिली. "लई उशीर केलास रं बाबा."

"पत्ता नव्हता बाय."

"इचारायचं तरी."

आम्ही कूड सोडला. गाडी खाटेपेक्षा जेमतेम उंच. टायर विरलेले, पण दगडांवर चढवून ठेवल्यामुळे पत्रा मातीला लागला नव्हता. सीटमध्ये उंदरांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती. आणि बॉनेटवर हात फिरवला की धुळीखाली तोच लाल रंग, पिकल्या मिरचीसारखा. चाचा मात्र गाडीकडे बघतच नव्हते. ते गुडघे धरून खाली बसले, आडवे झाले, आणि न बघता हात आत घातला.

"हाय," ते म्हणाले. "सायलेन्सरची पट्टी तुटली होती. माझ्या अम्मीच्या लोखंडी खाटेची पट्टी कापून लावली होती मी. हाय."

मग कोंबडीचं पीस तेलात बुडवून त्यांनी चावीच्या भोकात थेंब सोडले. थांबले. परत थेंब. पाव तास तरी गेला असेल. मग आयुष्यात पहिल्यांदा ते त्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले आणि चावी लावली. बॅटरी नाही, पेट्रोल नाही, इंजिन कधीच जाम झालेलं. काही सुरू होणार नव्हतं. पण चावी फिरली. आवाज आला, कुलपाचा येतो तेवढाच. वाडीतली पोरंबाळं, बाया, सगळे जवळ सरकले.

हिरूबाई म्हणाली, "झालं. ने आता."

कशेळ्याहून टेंपो आणला. गाडी वाडीतल्या आठ माणसांनी खांदा लावून फळ्यांवरून टेंपोत चढवली. हिरूबाईने जाताना उडवीतल्या उरल्या पेंढ्याच्या चार पेंड्या गाडीखाली घातल्या, हिसके बसू नयेत म्हणून. टेंपोवाल्याने वरून ताडपत्री बांधली. मी मागून बाइकवर.

खोपोली जवळ आल्यावर टेंपोवाला बाहेरच्या रस्त्याने निघाला होता, तिथून गॅरेज लवकर पडतं. चाचांनी त्याला थांबवलं. "बाजारातून घे. आणि ताडपत्री काढ."

दुपारचे चार. भर बाजार. टेंपो माणसाच्या चालीने सरकत होता. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. टपरीवरचा बाक एकदमच रिकामा झाला, सगळे उभे. जाडा गृहस्थ टेंपोपाशी आला. गाडीकडे बघितलं, केबिनमध्ये बसलेल्या चाचांकडे बघितलं. मग त्याने बापासारखंच, पण अगदी हळू विचारलं, "चाचा... गाडी कुठं लावायची?"

"घरी," चाचा म्हणाले. "जरा हात लाव."

त्यानेच सगळ्यात जास्त जोर लावला.

पनवेलला परतून आठवडा झाला. खर्च मोजला तर पेट्रोल, एक क्लच वायर आणि पोहे. गड अजून राहिलाच आहे. आईला हिरोचं सांगितलं, तर तिने आधी विचारलं, त्या बाईच्या उडवीचं आता काय? मी फोन केला. कापणी चालू आहे. बैल नसले तरी हिरूबाईने यंदाही उडवी रचायची ठरवलीय, म्हणे हाताला सवय झालीय, माच रिकामा बघवत नाही.

माचाखाली या वर्षी काय असेल, विचारलं. म्हणाली, "तुजी बायक ठेव. चावी मातर घेऊन ये."