नुसती तोंडओळख

कचेरीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कंपनीच्या यंत्रांसाठी त्यांनी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा घडवली होती, आणि तिच्या नियमांत कोणी चुकलं की ते त्याची हजेरी घेत.

त्या भाषेत झाडलोट आपोआप होई. मेमरीतल्या ज्या वस्तूला कोणी धरून ठेवलेलं नाही, ती केर समजून झाडली जाई. धरायचे प्रकार दोन. पकड असेल तर झाडू त्या वस्तूला हात लावत नसे. तोंडओळख असेल तर वस्तू कुठे आहे ते ठाऊक, पण तिला राखायची जबाबदारी नाही. 'तोंडओळख' हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, आणि त्याचं त्यांना भारी कौतुक.

बटण दाबल्याचं ऐकून घंटा वाजवणारा प्रोग्रामचा जो तुकडा, त्याच्याशी बटणाची तोंडओळखच असावी, असा नियम त्यांनी केला. पकड हवी असेल तर ती वेगळी लिहायची. टीममधल्या धाकटीने तेव्हाच विचारलं होतं, "सर, बटणाला जोडला म्हणजे तो टिकेल ना?"

"नियम वाच," मास्तर मान वर न करता म्हणाले होते.

एका वृद्धाश्रमात मदतीला बोलवायच्या अशा घंटा बसल्या, चाचणीत खणखणीत वाजल्या. पुढे मेमरी भरत आली, झाडू फिरला आणि एका खोलीतला तो ऐकणारा तुकडा केरात गेला. तिथल्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि बटण दाबत राहिल्या. जेवण घेऊन आलेल्या बाईला त्या फरशीवर सापडल्या, तोवर अर्धा दिवस गेला होता.

"चूक कोणाची?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

"माझी," धाकटी म्हणाली. "पकड लिहायची राहिली."

"चला, भाषेत खोट नाही म्हणायची," साहेब म्हणाले.

मास्तर समोरचं पेन सरळ करत राहिले. धाकटीने जाऊन माफी मागायची असं ठरलं, तेव्हा "मीही जातो" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आजींचा हात प्लॅस्टरमध्ये होता. "ती घंटा केली कोणी?" त्यांनी विचारलं.

धाकटी बोलणार तोच मास्तर म्हणाले, "मी."

"मग वाजली का नाही रे?"

"ऐकणाऱ्याला बटणाने धरलं नव्हतं, आजी. नुसती तोंडओळख होती."

"म्हणजे आमच्या थोरल्यासारखी." आजी हसल्या. "आणि असं ठरवलं कोणी?"

"मीच. हिने विचारलं होतं, मी धड उत्तर दिलं नाही. जागा वाचावी म्हणून केलं होतं तसं. मेमरीतली."

"बरं. किती वाचली?"

किती ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. मोबाइलमधल्या एका फोटोला लागते, त्याहूनही कमी. धाकटीने नजर खिडकीकडे वळवली. आजी उत्तराची वाट पाहत होत्या.