बेचाळीस पिल्लांची हजेरी

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. खामगावच्या हायस्कुलात तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि दर वर्षी बोर्डाच्या परीक्षेला वर्गावर पहारा दिला. कुणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे हे मला पोराच्या नुसत्या चालण्यावरून कळायचं. मी निवृत्त झाले, पण डोळे कुठे निवृत्त होतात? दूधवाला मापात गडबड करतो का, नळ सोडणारा आमच्याच गल्लीला कमी पाणी सोडतो का, शेजारीण फोनवर बोलता बोलता एकदम आवाज का खाली करते, माझं सगळीकडे लक्ष असतं.

म्हणूनच दिवाळीनंतर मुलगी पुण्याहून दोन बॅगा आणि एक काचेची टाकी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला आधी माया नाही, शंका आली. लग्नाला उणीपुरी तीन वर्षं झाली होती. "काय झालं वं?" मी विचारलं. "नाही जमलं, आई," एवढंच ती म्हणाली आणि टाकी ठेवायला थंड खोली कुठली ते विचारू लागली. मी तिला परोपरीनं विचारून पाहिलं. एकदा कपडे धुवायला काढायचं निमित्त करून तिची बॅगही उघडली. कपडे, कागद, डोकेदुखीच्या गोळ्या. त्यातून काही उमगलं नाही.

टाकीत दोन प्राणी होते. वीतभर लांब, फिक्कट गुलाबी, चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. नाव म्हणे अ‍ॅक्सोलॉटल. बेडकाच्या गोतातले, मूळचे मेक्सिकोतले, जन्मभर पाण्यातच राहणारे. सारखं हसणाऱ्या तोंडावर माझा मुळातच विश्वास नाही.

"पोलीस तर येनार नाहीत ना घरी?" मी म्हटलं.

"कागद केलेत, आई."

ते कागद मी दोनदा वाचले.

आमच्याकडे वीस वर्षांपासून कामाला येणारी बाई आहे. घरात सगळे तिला मावशी म्हणतात आणि मला ती मॅडम म्हणते, कारण तिची पोरगी माझ्या वर्गात होती. मागच्या दाराची एक चाबी तिच्याकडेच असते. ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, टाकीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली. "मॅडम, पाल कोनी घरात पोसते का?" त्या दिवसापासून त्या खोलीचा केर मलाच काढावा लागला. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

जानेवारीत मादीनं अंडी घातली. प्लास्टिकच्या झाडाच्या पानांना चिकटलेले साबुदाण्याएवढे पारदर्शक गोळे, प्रत्येकात एक काळा ठिपका. मोठे प्राणी आपलीच अंडी खाऊन टाकतात, म्हणून मुलीनं ती अलगद सोडवून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवली. रोज ती भिंगातून पाहायची आणि मला हाक मारायची. "आई, लवकर ये, ठिपक्याची शेंग झाली!" "आई, हा पाहा, वळवळला!" बुरशी धरलेलं अंडं ती चमच्यानं बाजूला काढायची आणि हळहळायची. दोन महिने जी पोरगी भिंतीकडे तोंड करून जेवत होती, ती त्या अंड्यांपायी हसायला लागली. मला मनातून फार बरं वाटलं. तोंडानं मात्र मी एवढंच म्हटलं, "श्रीखंडाचे डबे परत कराचे हं."

पंधरा-वीस दिवसांनी पिल्लं बाहेर आली. पाय नसलेली, नखाएवढी, मानेशी कल्ल्यांचा नुसता भास. त्यांना जिवंत खाणंच लागतं. त्यासाठी तपकिरीसारखी दिसणारी एक पूड, म्हणजे बारीक किड्यांची वाळवलेली अंडी, कुरिअरनं आली होती. उलट्या टांगलेल्या बाटलीत मिठाचं पाणी घालून त्यात ती पूड टाकायची आणि नळीनं हवा सोडायची, की दुसऱ्या दिवशी त्यातून डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे निघतात. ते रुमालातून गाळायचे, धुवायचे, थेंबाथेंबानं प्रत्येक डब्यात सोडायचे आणि रोज डब्यातलं पाणी बदलायचं. एवढ्या लाडात तर मी हिलाही वाढवलं नव्हतं.

मग मुलीला नागपूरला नवी नोकरी लागली. काम घरूनच करायचं होतं, पण पंधरा दिवस प्रशिक्षणाला जाणं भाग होतं. निघताना तिनं मला सगळं दोनदा समजावलं. पाणी फक्त निळ्या बादलीतलं घ्यायचं, नळाचं भरून दिवसभर ठेवलेलं, औषधाचे थेंब टाकलेलं. मोठ्या टाकीच्या पाण्याला हात लावायचा नाही. आणि दारातून वळून म्हणाली, "आई, तुझ्या भरवशावर ठेवून चालले. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर काही ठेवायची आता माझी हिंमत नाही."

त्याच दिवशी मी जुनं हजेरीपुस्तक काढलं. बेचाळीस पिल्लं, सहा डबे.

तिसऱ्या दिवशी निळी बादली रिकामी दिसली. मावशीनं त्या पाण्यानं पोर्च धुतला होता. "मले काय मालूम, मॅडम, बादलीतलं पानी म्हनलं तं पानी." आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. पुढच्या नळाला अजून चार दिवस होते आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी औषध टाकून दिवसभर ठेवायचं, म्हणजे पिल्लांचा दिवस बुडायचा. मी फार विचार केला नाही. माझं प्यायचं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात असतं, ते वापरलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. नळ आल्यावर निळी बादली भरली, पण मग मन होईना. मी तांब्यातलं पिणार आणि एवढ्याशा जिवांना प्लास्टिकमधलं देणार?

हजेरी उतरायला लागली. आधी चाळीस, मग सदतीस, मग एका सकाळी एकदम तीस. जी होती ती वाकडी होऊन तळाशी पडायची, किड्यांकडे पाहायचीही नाहीत. मोठ्या टाकीतले दोघं मात्र ठणठणीत, हसतायत. म्हणजे कुणीतरी नेमकं पिल्लांच्याच मागे लागलं होतं. आधी मला ती एकमेकांना खातात असा संशय आला, म्हणून दोन डबे वाढवले. मग शेजारच्या मांजरीचा, म्हणून खिडकी बंद केली. मग जवळच्या कापसाच्या जिनिंगमधून उडत येणाऱ्या रुईचा, म्हणून डब्यांवर ओढणी पसरली. हजेरी उतरतच राहिली.

मग मावशी उरली. पाल म्हणाली होती. बादली रिकामी केली होती. फरशी फिनाईलनं पुसते, एक टिपूस पडला तरी पुरे. चाबी तिच्याकडे. मी तिचं येणं, जाणं, बोलणं सगळं निरखायला लागले. ती गप्प असली तर का गप्प आहे, आणि गाणं गुणगुणली तर एवढा आनंद कशाचा झालाय हिला!

रोज सकाळी मी खोलीच्या उंबऱ्याच्या आत रांगोळीची पूड पसरायला लागले. आत कुणी गेलं की पाऊल उठणार. तीन दिवस पाहिलं. पावलं उठली ती माझ्याच चपलेची. एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं. पण मी काय म्हटलं असेल? ओलांडून गेली असणार. एवढी हुशार निघाली!

मुलीचा रोज फोन यायचा. "कशी आहेत?" "मजेत हायेत." जिनं जन्मभर पोरांची खोटी उत्तरं पकडली, ती मी रोज धडधडीत खोटं बोलत होते. पोरीचा नव्या नोकरीतला आवाज इतका मोकळा होता की खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

हजेरी चौदावर आली त्या दिवशी माझा तोल गेला. मावशी भांडी घासत होती. मी जाऊन सरळ म्हटलं, "काय टाकते तू त्या डब्यांत?"

ती घासतं भांडं हातात घेऊन वळली. "म्या? म्या कायले टाकीन, मॅडम? मले तं त्याइच्याकडं पाहाचंच भेव वाटते."

"मग मरून काऊन राह्यले?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले, कमरेची चाबी काढून ओट्यावर ठेवली. "वीस वर्सं झाली. तुमचं सोनंनाणं उघडं पडलं तरी म्या कधी पाह्यलं नाही. आता पालीच्या पिल्लासाठी चोर झाली मी?" आणि अर्धी भांडी तशीच टाकून गेली. ती गेल्यावरही हजेरी उतरली. बारा, मग नऊ.

मुलगी आली ती बॅग खांद्यावर घेऊनच खोलीत गेली. मी मागे उभी. तिनं ओढणी उचलली, डबे पाहिले आणि पिल्लं मोजली. मग हळू आवाजात एकेक विचारू लागली. किडे धुतले होते? हो. डबे साबणानं घासले? नाही. पाणी कुठलं?

"हंड्यातलं. आपल्या तांब्याच्या."

तिनं खांद्यावरची बॅग टाकली आणि डब्यांपाशी बसली. "आई, तांबं विष आहे त्यांना."

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात जंतू मरतात, हे मी दर वर्षी वर्गाला शिकवलं आहे. फळ्यावर लिहून दिलं आहे. जंतू मारणारं पाणी नखाएवढ्या जिवाला कसं सोडेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. सगळ्यांवर नजर होती, माझ्या हंड्यावर नव्हती.

तिनं ताबडतोब निळ्या बादलीतलं पाणी घेऊन नऊ पिल्लं हलवली. मग उठताना तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. "हे पांढरं काय आहे?"

मी सांगितलं. मावशीचंही सांगितलं. वाटलं, आता चिडेल. पण ती चिडली नाही, ते जास्त वाईट झालं.

"तिकडे माझ्या सासूबाई माझ्या कपाटाच्या दाराला केस लावून ठेवायच्या," ती म्हणाली. "एकच केस. तुटला की त्यांना कळायचं, मी कपाट उघडलं. मग संध्याकाळी तो विचारायचा, कशाला उघडलंस? तीन वर्षं, आई." मग म्हणाली, "इथं आल्यावर तू माझी बॅग उघडलीस, ते मला कळलं होतं. काही बोलले नाही. म्हटलं, आई आहे."

इतके महिने जे मी खोदून खोदून विचारत होते, ते असं ऐकायला मिळालं. मी तिथंच दाराशी बसून रडले. "चुकली मी," म्हटलं, "चुकली वं बाई." तिनं मला उठवलं नाही, पण निघूनही गेली नाही. फडकं घेऊन ती रांगोळी पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाबी घेऊन मावशीच्या घरी गेले. तिनं बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, हंड्यासकट. "म्हंजे तुमीच मारले?" "हाव, मीच मारले." तिनं चाबी घेतली नाही, मी ती परत आणून ओट्यावर ठेवली. चार दिवसांनी आली, तेव्हा ओट्यावरची स्वतःच उचलून कमरेला लावली आणि मला म्हणाली, "आता माह्या मागं मागं फिराचं नाही, मॅडम."

नऊपैकी सहा पिल्लं वाचली. आता त्यांना पुढचे पाय फुटले आहेत. मुलगी पलीकडच्या खोलीत दिवसभर कामाला बसते आणि पाणी तीच बदलायची, मला विचारायचीही नाही. मी डब्यांच्या आसपास फिरकायची नाही. परवा मात्र तिची मीटिंग लांबली. तिनं हेडफोनचा माईक झाकून दारातूनच सांगितलं, "आई, आज पाणी तू बदल."

निळी बादली मी तीनदा हुंगून पाहिली. एकेक पिल्लू चमच्यानं उचलून नव्या पाण्यात सोडलं. बादली घेऊन बाहेर आले तर मावशी पोर्चमध्ये उभी होती, हातात फडकं, आणि माझ्या हाताकडे टक लावून पाहत होती.

"कोनतं पानी घेतलं, मॅडम?" तिनं विचारलं.

"निळ्या बादलीतलं," मी म्हटलं आणि बादली तिला दाखवली.