येऊन राहिलो आणि आलो

परतवाड्याच्या आमच्या दवाखान्यात मोतीरामभाऊ लागले ते वायरमन म्हणून. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स शिकले, कारण दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं. धारणीच्या आमच्या उपकेंद्रात रुग्णाचा ईसीजी काढला की तो टॉवरच्या लाइनवरून भाऊंच्या मशीनवर येतो आणि डॉक्टर इथे बसून वाचतात. वीज दिवसातून दोनदा तरी जाते. तरी चौदा वर्षं ते मशीन आपलं आपण उठून कामाला लागत होतं.

मग भाऊंचं काम हाती घ्यायला अमरावतीहून मी आले, शहाणपण घेऊन. मशीन सुरू होताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे भाऊंनी एका फाइलमध्ये ओळीने लिहिलं होतं. ती काढून मी सिस्टमडी नावाची नवी पद्धत बसवली. ती सगळी कामं एकदम सुरू करते. दोन मिनिटांचं काम वीस सेकंदांत होऊ लागलं, आणि मी ते चारचौघांत मिरवलंही. तिसऱ्या दिवशी वीज जाऊन आली, आणि ईसीजी घेणारा प्रोग्राम बंद! त्याला लाइनच सापडली नव्हती. भाऊंनी तो हाताने सुरू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

भाऊ महिनाअखेर निवृत्त होणार होते. नंतर तो हाताने सुरू करायला इथे कोणीच नव्हतं. मी एरवी आठवड्यातून एकदा येणारी. धारणीत कोणाची छाती दुखली आणि ईसीजी पोचलाच नाही तर? मला भीती वाटली, आणि लाजही.

"भाऊ, मी लिहिलंय ना, नेटवर्क आल्यावरच सुरू हो म्हणून," मी कुरकुरले.

तेवढ्यात भाऊंच्या घरून मनकर्णाकाकूंचा फोन आला. "येऊन राहिलो," म्हणजे येतोय, असं भाऊ म्हणाले आणि खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"काकू तिकडे भाकरी टाकून बसतील," मी म्हटलं.

"छट्! तीस वर्सं झाले, माह्या 'येऊन राहिलो'वर तिनं तवा नाही ठेवला. गाडीचा आवाज आला का मंगच ठेवते." बोलता बोलता ते थांबले. "पोरी, तुह्यं नेटवर्क 'आलो' म्हणते का 'येऊन राहिलो'?"

बघितलं तर तेच होतं. नेटवर्क कामाला लागलं एवढंच ते सांगत होतं; टॉवरची लाइन जुळायला पुढे मिनिटभर लागायचं. भाऊंच्या जुन्या फाइलमध्ये एक ओळ होती: धारणीला हाक मारत राहा, ओ आली की पुढे जा. मला ती अडाणी वाटली होती. तीच मी मुकाट्याने नव्या पद्धतीत बसवली.

निरोपाच्या दिवशी भाषण चालू असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा सगळे भाऊंकडे बघू लागले. ते जागचे उठले नाहीत. दोन मिनिटांनी धारणीहून नर्स आशाबाईंचा फोन आला. "आत्ता एक ईसीजी धाडला, भेटला का?" डॉक्टरांनी आतूनच सांगितलं, भेटला.

निघताना भाऊंनी घरी फोनवर नेहमीसारखंच "येऊन राहिलो" सांगितलं, आणि शाल-नारळ घेऊन मी त्यांना सोडायला गेले. दारातूनच ते म्हणाले, "आलो."

ताट वाढलेलं होतं. भाकरीतून वाफ निघत होती.

"काहून वं? गाडी तर आत्ता आली," भाऊ म्हणाले.

"आज तुमी खरंच येऊन राहिले होते," काकू म्हणाल्या. "बसा."