उंबऱ्यावरची भुकटी

बाजारात एर्मान्तीनच्या टेबलाला जमिनीपर्यंत लोळणारं कापड होतं. मिरची घालून कुटलेलं शेंगदाण्याचं लोणी विकायला हा थाट कशाला, असं शेजारच्या बायका तोंडावर विचारायच्या. "गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं," एर्मान्तीन उत्तर द्यायची. खरी गोष्ट अशी की त्या कापडामागे तिचा डावा पाय होता, गुडघ्याखाली सुजून खांबासारखा झालेला. बाजार भरायच्या आधी ती येऊन बसायची आणि पांगल्यावर उठायची. मधे उठावं लागू नये म्हणून भर उन्हात पाणीसुद्धा बेताबेतानं प्यायची.

एके दिवशी एक धिप्पाड, पिकल्या केसांची बाई आली. तिनं लोणी चाखलं, "वाईट नाही" म्हणाली आणि झगा वर करून आपला सुजलेला पाय टेबलापुढे काढला.

"हा माझा. आता तुझा दाखव."

"माझ्या पायाला काय झालंय?"

"ते मलाच विचारतेस? उन्हात घसा कोरडा ठेवून बसणारी या बाजारात तू एकटीच आहेस. मीही अशीच बसायचे. मला ओझानामावशी म्हणतात. शनिवारी दवाखान्यामागच्या ओसरीवर ये. तिथं सगळ्या आपल्यासारख्याच. येताना टॉवेल आण."

आमच्या लेओगान गावात असा पाय म्हणजे करणी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणीतरी भारलेली भुकटी उंबऱ्यावर टाकतं, तुमचा पाय पडतो आणि संपलं. त्यामुळे पाय सुजला की माणूस औषध नंतर शोधतो, आधी गुन्हेगार. एर्मान्तीनला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. मागच्या गल्लीत झेलिया राहत होती. दोघी एकत्र वाढलेल्या. एर्मान्तीनच्या मुलाची, विल्नोची, बाप्तिस्म्यातली धर्ममाता झेलियाच, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कोमे' म्हणायच्या, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा काकणभर जास्तच धरतात. एकदा केळ्याच्या घडावरून दोघींची जुंपली. भांडण मिटलंही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत एर्मान्तीनचा पाय जड व्हायला लागला.

तरीही तिनं संशय मनातच ठेवला होता. मग विल्नोचा पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा आला आणि धर्ममाता फिरकलीच नाही. पोरगं पांढऱ्या कपड्यांत चर्चच्या दारात वाट बघत उभं राहिलं. एर्मान्तीनची खात्रीच पटली. मन खात असणार, म्हणून तोंड लपवलं भवानीनं! त्या दिवसापासून बोलणं बंद, जाणंयेणं बंद. पुढे झेलिया घराबाहेरच पडत नाही, खिडकीतूनच मक्याची गोड पेज विकते, असं कानावर आलं तेव्हा एर्मान्तीन म्हणाली, "लाज वाटत असेल." असं एक तप उलटलं.

शनिवारी ती टॉवेल काखोटीला मारून गेली खरी, पण ओसरीच्या पायरीशी थबकली. बायका गुडघ्यापर्यंत झगे खोचून बसलेल्या, पाय घमेल्यांत, तोंडं सुटलेली. कुणाला कुणाची चोरी नाही. मार्गरीत नावाची एक बारकीशी बाई तर आपल्या पायाला 'साहेब' म्हणायची. "साहेब आज रागात आहेत, आवाज कमी करा गं!" आणि सगळ्या खिदळायच्या. घरी पाय धुताना एर्मान्तीन डोळे मिटून घ्यायची. त्या दिवशी तिनं तो पहिल्यांदा नीट पाहिला.

साबणपाणी ज्याचं त्याला जमतं. पण सुजलेला पाय वाकत नाही, बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात पोचत नाही, आणि तिथं ओल राहिली की कातडं चिरतं आणि हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून ओसरीवरच्या या मंडळात जोड्या होत्या. एकीच्या बेचक्या दुसरीनं टिपायच्या. आणि जोडीदारीण आली नाही, तर त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन बघायचं. एर्मान्तीन नवी, म्हणून तिचा पाय ओझानामावशीनं मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत त्या पायाला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. एर्मान्तीन हमसून हमसून रडली. सगळ्याच कधी ना कधी रडून झालेल्या.

सूज काही पळून गेली नाही. पण ताप यायचा थांबला, वास गेला, आणि एर्मान्तीन बाजारात पोटभर पाणी प्यायला लागली. आठवडाभर ती शनिवारची वाट बघायची.

अशाच एका शनिवारी भिंत धरधरून एक बाई ओसरीवर आली. झेलिया होती. झग्याखाली उजवा पाय हा एवढा.

"हिला जोडी नाही, तुलाही नाही," ओझानामावशी एर्मान्तीनला म्हणाली. "बसा समोरासमोर."

"हिच्या हातात पाय देऊ?" एर्मान्तीन उसळली. "जिनं भुकटी टाकून सुजवला तिच्याच?"

"मी टाकली?" झेलियाचा आवाज चिरकला. "अगं बये, टाकलीस तू! केळ्याच्या भांडणानंतरच्या नव्या वर्षाला तुझ्याकडे रीतीचं भोपळ्याचं सूप प्यायला आले, तुझा उंबरा ओलांडला, आणि माझा पाय हा असा!"

"माझ्या उंबऱ्यावर? तो मी स्वतः दिवसातून पन्नासदा ओलांडते! एवढी साळसूद होतीस तर माझ्या पोराच्या ख्रिस्तप्रसादाला का नाही आलीस?"

झेलिया खाली टेकली. "बूट चढेना," ती म्हणाली. "नवा घेतला होता त्या दिवसासाठी. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. धर्ममाता म्हणून उभी राहणार, आणि अनवाणी? सगळं चर्च माझ्या पायाकडे बघत बसलं असतं. दार लावून रडत बसले."

मार्गरीतनं घसा खाकरला.

"मी नणंदेवर आळ घेतला होता."

"मी सासूवर," पलीकडची म्हणाली. "ती मेली तरी सूज वाढतच होती, तेव्हा जरा शंका आली."

मग जे हसू फुटलं, त्यात घमेली हिंदकळली. "डास, बायांनो, डास!" ओझानामावशी डोळे पुसत ओरडली. "वर्षानुवर्षं चावत राहतो मेला. पाय केव्हा सुजेल ते त्यालाही ठाऊक नसतं. आणि तुम्ही शेजारणींना फासावर देऊन मोकळ्या! चला, टॉवेल घ्या."

एर्मान्तीननं झेलियाचा पाय मांडीवर घेतला. एकेक बेचकी टिपताना तिला स्वतःचा भयंकर राग आला. एका बुटापायी एवढी वर्षं घालवली.

"विल्नो कसा आहे?" झेलियानं हळूच विचारलं.

"दाढी आलीय. तुझ्यासारखाच हट्टी आहे, कोमे."

तेव्हापासून ओसरीवर दोघींच्या तोंडाला खळ नसे. पण घरी जाताना कोपऱ्यावर थांबायच्या, "बरंय" म्हणायच्या आणि आपापल्या वाटेनं जायच्या. हिनं तिला ये म्हटलं नाही, तिनं हिला नाही. डासाचं डोक्याला पटलं होतं. पायाला पटायला वेळ लागतो.

आणि एका शनिवारी झेलिया आली नाही. ओझानामावशीनं एर्मान्तीनकडे पाहिलं. दवाखान्यातल्या नर्सकडून तापाच्या गोळ्या घेऊन एर्मान्तीन निघाली.

दार सताड उघडं होतं. आत झेलिया पांघरुणात कुडकुडत पडली होती, पाय लालबुंद. एर्मान्तीननं पाऊल उचललं आणि ते तसंच राहिलं. उंबऱ्यावर पांढुरकं काहीतरी सांडलेलं होतं. मक्याचं पीठ असणार. पेज विकणाऱ्या बाईच्या दारात दुसरं काय असणार? तिचं तिलाच कळत होतं. काही झालं तरी ही मला काही करणार नाही, ती मनाशी म्हणत होती. पाय हलत नव्हता.

"ये की आत!" पांघरुणातून कण्हतच झेलिया ओरडली. "पीठ आहे ते! भुकटी तुझ्यापुरती शिल्लक कुठं राहिली? त्या नव्या वर्षाला सगळी तूच माझ्यावर संपवलीस ना!"

एर्मान्तीनला इतकं हसू आलं की चौकट धरावी लागली. हसता हसता डोळे भरून वाहायला लागले.

"ताप चढलाय तरी जीभ काही उतरली नाही मेलीची," असं म्हणत तिनं सुजलेला पाय आधी त्या पिठावर टेकवला आणि आत गेली. थंड पाण्याचा माठ कुठं असतो, ते तिला विचारावं लागलं नाही.