अक्कांसाठी कमावलेलं अंग

माझ्या साडूंच्या शब्दकोशात ‘थोडंसं’ हा शब्द परमेश्वर छापायला विसरला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. सगळं सासर त्यांना दाजी म्हणतं, म्हणून मीही दाजीच म्हणतो. केडगावात घर, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी आणि रिक्षात एकटेच बसले तरी रिक्षावाल्यानं ‘सीट भरली’ म्हणून निघावं असा देह. एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं की दारात कढीपत्ता असावा. दाजींनी सतरा रोपं लावली. पुढं तीन वर्षं त्यांच्याकडून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पिशवीत, मग आत दिवाळीचा फराळ असो की लग्नाची पत्रिका, कढीपत्ता असायचाच. चहा सोडायचं ठरवलं तेव्हा घरातल्या सगळ्या कपबश्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. चौथ्या दिवशी तल्लफ आवरेना, तेव्हा त्याच शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन आपल्याच कपातून चहा पिऊ लागले. वर मला म्हणाले, “घरात बंदच हाय माझा चहा!”

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण दाजींच्या बहिणीच्या, म्हणजे राहात्याच्या अक्कांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आमचं हसणं आटलं.

अक्का दाजींहून सहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा दाजींची वेणीफणी सोडून बाकी सगळं त्यांनीच केलं. पेरूच्या बागेत दिवसभर राबणारी ही बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसू लागली. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा तोंडात धरायच्या आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून घ्यायच्या. किडनी कुणाची चालेल ते बघायला घरच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. जुळले फक्त दाजी.

आनंदानं ते ऑपरेशनची पिशवी भरूनच डॉक्टरांकडे गेले. बरोबर मी होतो. डॉक्टरांनी कागद पाहिले, मग दाजींकडे पाहिलं. “एकशे आठ किलो. शुगर काठावर, बीपी वर. अशा माणसाची किडनी मी काढणार नाही. तुम्हालाच धोका आहे. पंच्याऐंशीच्या खाली या. पण नुसतं वाळायचं नाही. चालणं, पळणं हवं आणि ताकदीचा व्यायामही हवा. दोन्हीचा मेळ घाला, अंग कमवा आणि मग या.”

दाजींच्या कानांनी ‘चालणं, पळणं’ एवढंच आत घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून केडगावात एक नवीनच वर्दळ सुरू झाली. सकाळी दाजी पुणे रोडनं नगर गाठायचे आणि चालतच परत यायचे. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याला फेऱ्या, संध्याकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या. खालच्या बिऱ्हाडकरूंनी दोनदा वर येऊन, घरात काही पडलं का म्हणून विचारलं. बातम्या ते उभ्यानं, जागच्या जागी धावत ऐकायचे. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात तर त्यांनी मांडवाला बेचाळीस प्रदक्षिणा घातल्या. मुलाकडच्या एका आजोबांनी शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, “त्या पाव्हण्यांचं काय हरवलंय का? आमची पोरं लावू का शोधायला?” जेवायला मात्र दाजी बसले नाहीत. दोन काकड्या आणल्या होत्या खिशात, त्या चालता चालता खाल्ल्या.

तीन महिन्यांत सोळा किलो उतरलं. दाजींनी पट्ट्याला इतकी नवी भोकं पाडली की त्याची चाळण झाली. पण गाल आत गेले, हात लटकू लागले, जिना चढताना कठडा धरू लागले. एक दिवस कारखान्यात नटबोल्टचा खोका उचलायला वाकले आणि खोक्याशेजारीच आडवे झाले. डॉक्टर संतापले. “चरबीबरोबर मांसही घालवून बसलात. हे शरीर ऑपरेशन झेलेल का? मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या!”

“दुसरी आता करतो की,” दाजी क्षीण आवाजात म्हणाले.

आणि केली. केडगावातच, हार्डवेअरच्या दुकानावर आसिफभाईंची व्यायामशाळा आहे. आसिफभाई पूर्वी वजनं उचलण्याच्या स्पर्धांत उतरायचे. आता पन्नाशी आली, आवाज मऊ आणि मान खांद्यांत बुडालेली. त्यांच्याकडे नाव घातलं त्या दिवशी दाजींनी चालणं संपूर्ण बंद केलं. व्यायामशाळा घरापासून दोनशे पावलांवर, तिथंसुद्धा स्कूटरवर जायचे. “पावलं झिजवली की ताकद वाया जाती,” म्हणायचे. रोज डंबेल्स, रोज बारबेल, रोज दहा अंडी आणि शिवाय अंग भरावं म्हणून तुपातले लाडू. घरी आले की हाताला लागेल ते उचलायचे. गव्हाची पोती या खोलीतून त्या खोलीत जायची आणि परत यायची. गॅसचा भरलेला सिलिंडर त्यांनी इतक्यांदा डोक्यावर धरला की मेहुणीबाई स्वयंपाकघरात पाऊल टाकायला भिऊ लागल्या. “उद्या मला उचलतील हो,” असं त्या माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, आणि पुढं हसता हसता रडूच लागल्या.

दोन महिन्यांनी काटा अठ्ठ्याण्णववर. शुगर पुन्हा वर.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर राहात्याला गेलो. अक्का पडवीत खाटेवर बसल्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा मातकट. दाजी त्यांच्यासमोर खाली बसले.

“वाढलं का रं वजन?” अक्कांनी विचारलं.

“वाढलं.”

“आसू दे. मला काय घाई न्हाई. तू नीट खा.”

परतताना केडगाव आलं तरी दाजी गाडीतून उतरले नाहीत. म्हणाले, “साडूभाऊ, ती तिकडं दिवस मोजती आणि मी इकडं पोती हलवतो. मला अर्धं काही करताच येत न्हाई हो. मी माझ्या बहिणीला मारतोय.”

मीच त्यांना आसिफभाईंकडे घेऊन गेलो. तोवर दाजींनी त्यांना अक्कांविषयी काही सांगितलंच नव्हतं. आसिफभाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “दाजी, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना! मला वाटलं तुम्हाला शर्टाच्या बाह्या फाडायच्या आहेत. आता ऐका. तीन दिवस वजनं, तीन दिवस भरभर चालणं, एक दिवस आराम. वजनं उचलाल तेव्हा दहा मिनिटं आधी चालायचं. चालाल तेव्हा बोलता आलं पाहिजे, एवढ्याच वेगानं. लाडू बंद. डाळ, भाजी, भाकरी, दोन अंडी. आणि आरामाच्या दिवशी मला इथं दिसलात तर बहिणीची शपथ घालीन.”

पुढच्या सहा महिन्यांतल्या दाजींबद्दल गमतीचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मंगळवारी ते मंगळवारचं करायचे, बुधवारी बुधवारचं. एक भाकरी म्हणजे एकच भाकरी. आरामाच्या दिवशी अंगणात हात बांधून बसायचे. ते बघवायचं नाही. त्यांच्या तऱ्हांना वैतागलेली आम्ही माणसं, पण ते असे शहाण्यासारखे वागू लागल्यावर घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं. काटा मात्र हळूहळू खाली येत राहिला. आठवड्याला पाऊण किलो, कधी अर्धाच. एका सकाळी चौऱ्याऐंशी. शुगर ताब्यात, बीपी ताब्यात, दंड घट्ट. डॉक्टरांनी पाठ थोपटली. “आता तुमच्या बहिणीच्या तपासण्या पुन्हा करू आणि तारीख घेऊ.”

तपासण्या झाल्या. अक्कांचं हृदय या काळात फार थकलं होतं. ऑपरेशन त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. फार हळू सांगितलं, खुर्ची जवळ ओढून. दाजी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “मी अजून दोन किलो कमी केलं तर?”



त्यानंतर दाजींनी रजा काढली आणि राहात्यालाच मुक्काम केला. अक्कांना डायलिसिसला तेच न्यायचे. मी भेटायला गेलो त्या दिवशी दवाखान्यातली लिफ्ट बिघडलेली, आणि डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर. वॉर्डबॉय म्हणाला, थांबा, चौघं जमवतो. दाजी थांबले नाहीत. वाकले, पाठ ताठ ठेवून, आसिफभाईंनी शिकवलं होतं तसं, आणि अक्कांना दोन्ही हातांवर उचलून जिना चढू लागले. मी रिकाम्या हातानं मागं होतो आणि दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत कठड्याला टेकलो. ते एकाच लयीत वर गेले. खुर्चीत अलगद ठेवल्यावर अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“दमला न्हाईस रं तू,” त्या म्हणाल्या. नवलानं आणि जरा अभिमानानंही.

“न्हाई अक्का.”

“लई चांगलं झालं बग.”

नंतर दोन महिने त्यांनी अक्कांना असंच नेलं-आणलं. मग अक्का गेल्या.

मला वाटलं होतं, दाजी आता पुन्हा कुठल्यातरी टोकाला जातील. एकतर खाटेवरून उठणार नाहीत, नाहीतर खात सुटतील. दिवसपाणी उरकून ते केडगावला परतले, त्या आठवड्यात मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो. दारातच भेटले. पायांत बूट, अंगात जुना टीशर्ट. बुधवार होता, चालायचा दिवस. मीही बरोबर निघालो. बोलता येईल एवढ्याच वेगानं आम्ही चाललो होतो. शेवटी मला राहवलं नाही. “दाजी, आता कशासाठी?”

ते चालतच राहिले. मग कमरेच्या मागं, डाव्या बाजूला, हलकेच तळहात टेकवून म्हणाले, “ही तिची हाय, साडूभाऊ. तिची वस्तू नीट ठेवायला नको?”