वणावरचं तेल

त्या वर्षी मी लातूरला दिवसाला चार बॅचेस घेत होतो आणि चारही बॅचेसना तोच विनोद सांगत होतो. घर नांदेडला. रविवारी दुपारच्या एसटीनं जायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायचं. अंड्यातल्या पिल्लाला कातडी आणि पिसं कशी फुटतात हे एम.एस्सी.ला असताना मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. तेव्हा आवड होती. क्लासमध्ये आल्यावर मी पाट्या टाकायला शिकलो. पोरांचे नंबर लागत होते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

आमच्याकडे एक पद्धत होती. धडा सुरू करण्याआधी पोरांनी पेन्सिली काढायच्या आणि परीक्षेत न येणारे परिच्छेद मी सांगेन तसे खोडायचे. शंभर पेन्सिली एकदम चालल्याचा आवाज मला आवडायचा, खोटं कशाला बोलू? गर्भात कातडी कशी घडते, हा परिच्छेद दर वर्षी खोडला जायचा.

ती पोरगी किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा तान्ही होती. आता बारावीला आली होती आणि मेसचं जेवण सोसत नाही म्हणून आई तिच्यासोबत लातूरला खोली करून राहिली होती. आमच्या मागच्या गल्लीत अशा आयांच्याच खोल्या होत्या. वडील गावाकडे शेती बघायचे.

एकदा तिनं मला जिन्यात गाठलं.

"सर, खोडायला सांगितलेलं मी वाचलं. सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो ना? मग वणावर केस का येत न्हाईत?"

"पेपरला येत नाही ते."

"पेपरासाठी न्हाई इचारत, सर. माझ्या आईच्या डोक्याला वण हाय."

त्या पहाटे भिंत अंगावर आली आणि आईच्या टाळूची तळहाताएवढी कातडी गेली. जखम भरली, केस आले नाहीत. तेल चोळत जा, येतील, असं कुणीतरी सांगितलं होतं. हात चालायला लागल्यापासून ही पोरगी रोज सकाळी आईच्या मागे बसून त्या वणावर तेल चोळत होती.

चौथी बॅच नुकतीच सुटली होती, घसा पार बसला होता. तरी कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला माझ्या आवडीचं विचारत होतं. मी तिला रिकाम्या वर्गात नेलं आणि खडू उचलला. कातडीचं वरचं आवरण एपिथेलियमच्या पेशींचं असतं. प्रत्येक पेशीजवळ पुस्तक तेच, पण कोणतं पान उघडायचं हे ठरवणारी प्रथिनं असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती डीएनएवर जाऊन बसतात, काही जनुकं चालू करतात, काही बंद ठेवतात. गर्भात कातडी घडताना खालच्या थरातून निरोप येतो. त्यासरशी काही पेशींत ही प्रथिनं वेगळं पान उघडतात, त्या पेशी खाली रुततात आणि केसाचं मूळ तयार होतं. मोठेपणी कातडी खोलवर गेली, तर कडेच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात. तेवढं त्यांना जमतं. नवं मूळ घालायचा निरोप मात्र वणाखालून येत नाही.

"म्हंजे येणार न्हाईत?"

"नाही."

"तेल लावून बी?"

"तेलाचा आणि जनुकांचा काय संबंध?" मी म्हणालो, आणि वर हसलोही.

तिनं वही मिटली, थँक्यू म्हणाली. त्या संध्याकाळी खोलीवर जाताना माझे पाय दुखत नव्हते. खूप दिवसांनी शिकवल्यासारखं वाटलं होतं.

महिन्याभरानं तिची आई क्लासवर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. टेस्टचे मार्क विचारायला आली असेल असं समजून मीच सांगितलं, चांगले वाढलेत.

"वाढतीलच की. सकाळचा अर्धा घंटा वाचला तिचा," ती म्हणाली. "वणावर केस येत न्हाईत म्हणून तुम्ही सांगितलं म्हणं तिला."

"ते खरं आहे, ताई."

"खरंच हाय. मला काय ठावं न्हवतं व्हय? डोकं माझंच हाय की."

मी हातातली मार्कांची यादी टेबलावर ठेवली.

"दिसभर क्लास, न्हाईतर पुस्तक. जेवताना बी पुस्तक. सकाळी तेवढी माझ्या मागं बसायची, तेल लावता लावता काय काय सांगायची. आता म्हणती, आई, त्याचा उपयोग न्हाई, सरांनी सांगितलंय."

मला माझीच लाज वाटली. उंटावरचा शहाणा तो मीच. तरी शिक्षकाची खोड जाईना.

"मी सांगतो तिला," मी म्हणालो, "तेल लावत जा म्हणून."

"नका, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगितल्यावर बसंल ती. पर मग अभ्यासाला बसल्यावानी बसंल."