आठ नंबरची देवी

देवीला माझा नवस पोचला की नाही, हीच धाकधूक होती. लेकीला नोकरी लागली तर गोडदेवहून राईच्या देवळापर्यंत अनवाणी येईन, पाच प्रदक्षिणा घालीन, असं मी बोलून बसलो होतो. नोकरी लागली. माझी साखर मात्र पंधरा वर्षांची जुनी, इतकी की मुंग्या माझ्या रिपोर्टलाही लागायच्या. पायांच्या नसा बधिर झाल्यात, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको म्हणाली, "देवीला मी समजावते, तुम्ही चपला घाला." मी ऐकतोय कसला!

चैत्रातली दुपार. डांबरावर पापड भाजून निघाले असते, आणि मी लोण्यावरून चालल्यासारखा निघालेलो. चटका नाही, खडा टोचत नाही. देवीने वाटेत फुलं अंथरलीत, याची मला खात्रीच पटली. रिक्षावाल्यांना थांबवून थांबवून मी हिंदीत ही कृपा सांगत होतो.

देवळात पहिली प्रदक्षिणा झाली आणि पाहतो तर पांढऱ्या लादीवर ताजी लाल पावलं. कुंकवाची! साक्षात देवी माझ्यापुढे चालून गेली होती. मी आडवा झालो, कपाळ टेकलं, सोबत आलेल्या बायकोला फोटो काढायला सांगितलं. दारात वेण्या विकणारी म्हातारी मावशी उठून आली, पावलं न्याहाळली आणि शांतपणे म्हणाली, "देवीचा पाय आठ नंबरचा न्हाय, दादा. ह्यो तुजा हाय. बस खाली."

तळव्यात हिरव्या बांगडीची काच रुतली होती, मला पत्ताच नव्हता. मावशीने ती उपसली नाही. धुतलेला रुमाल बांधला आणि रिक्षा बोलावली. तिच्या नवऱ्याचंही असंच झालेलं, काही होत नाही म्हणत राहिला आणि अंगठा गेला. डॉक्टरांनी काच काढली. आणखी चार दिवस गेले असते तर पायाचं खरं नव्हतं, म्हणाले.

मावशी नेमकी तिथे होती, याला लोक योगायोग म्हणतात, म्हणोत बापडे. पायाची जखम भरल्यावर मी मावशीला विचारलं, नवस अर्धाच राहिला का? ती म्हणाली, "तिनंच दिलेलं पाय तिला परत कशाला देतोस?"

आता बूट घालून पायरीखालूनच दर्शन घेतो, देवीला तिथूनही दिसतं. घरी आरतीनंतर पाय धुतो. पाणी किती गरम ते बायको कोपराने पाहते, माझ्या पायांची साक्ष ग्राह्य नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो, बूट घालण्याआधी आत हात फिरवतो. एकदा खडा सापडला, सांगताना मी त्याचा धोंडा करतो. देवीपुढे वाकताना माझं पोट आडवं यायचं. आता तळव्याखाली आरसा धरायला रोज पुरता वाकतो, आणि पाय धड दिसला की हात आपोआप जोडले जातात.